रेशीम सल्ला : अळ्या एकदम पिकवायच्या, पण केव्हा?

प्रश्न : दोनशे अंडीपुंजांची (एक पुंज म्हणजे एका मादीची अंडी) बॅच घेतो. अळ्या दोन-तीन दिवस थोड्याथोड्या पिकतात, म्हणजे कोष करायला तयार होतात, मजुरी वाढते. म्हणून गेल्या वेळी अळीच्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेच्या चौथ्याच दिवशी पाल्यावर फायटोएक्डिस्टेरॉइड हे अळ्या एकदम पिकवणारं औषध फवारलं. अळ्या लवकर चंद्रिकेवर (कोष करायच्या चौकटीवर) गेल्या, पण कोष बोटानं दाबले की दबतात. औषध बनावट होतं का? (वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : औषधाला दोष देण्याआधी फवारणीचा दिवस बघा. अळीनं कात केव्हा टाकावी आणि कोषावर केव्हा जावं, हे तिच्या अंगातल्या एक्डिसोन या संप्रेरकावर ठरतं. १९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्याच्या ५०० किलो प्युपांपासून ते जेमतेम २५ मिलिग्रॅम मिळवलं होतं. पुढे त्याच घडणीची द्रव्यं वनस्पतींतही सापडली, तीही कितीतरी जास्त प्रमाणात. तुमच्या बाटलीत तेच आहे.

ते रेशीम वाढवत नाही, फक्त खाणं थांबवून कोष करायला लावतं. रेशीमग्रंथी मात्र भरतात पाचव्या अवस्थेच्या शेवटच्या दिवसांत. ते दिवस तुम्ही कापलेत, म्हणून कवच पातळ राहिलं.

शंभरांत ५ ते १० अळ्या पिकलेल्या दिसल्या की मगच फवारा. पिकलेली अळी पिवळसर, पारदर्शक दिसते, पाला सोडते, डोकं वर करून हलवते. अशा अळ्या आधी वेचून चंद्रिकेवर टाका. मात्रा पत्रकाप्रमाणे घ्या, द्रावण अळ्यांवर नको, पाल्यावर. पानं उलटीसुलटी करून सारखी भिजवा, सावलीत पाणी निथळू द्या आणि एकदाच खायला द्या. रॅकच्या कडेच्या अळ्यांना हा पाला पोचला नाही, तर त्या मागे राहतात आणि पुन्हा तेच वेचणं मागे लागतं.

साधारण २४ तासांत बहुतेक अळ्या एकदम पिकतील. इथंच अनेकांची फजिती होते. दोनशे अंडीपुंजांच्या ऐंशी हजारांच्या आसपास अळ्या धरा. ६ × ४ फुटी चंद्रिकेवर नऊशे ते हजारच मावतात, म्हणजे ८० ते ९० चंद्रिका आदल्या दिवशीच तयार हव्यात. दाटी केलीत की दुहेरी कोष (दोन अळ्यांचा मिळून एक) वाढतात. चढल्यावर अळ्या लघवी करतात, त्यामुळे हवा खेळती ठेवा, नाहीतर कोष डागी होतात. तापमान २४ ते २५ अंश असावं.

प्रश्न : आघाड्यात हेच द्रव्य असतं म्हणे. घरी काढा केला तर?

उत्तर : असतं, पण झाडागणिक आणि हंगामागणिक प्रमाण बदलतं. मात्रा मोजता येत नसेल तर अख्ख्या बॅचवर प्रयोग करू नका. कडुनिंबाचा अर्क तर तुतीवर मुळीच नको : त्यातलं अॅझाडिरॅक्टिन नेमकं उलटं, एक्डिसोनचं काम बिघडवतं आणि अळ्या कातेत अडकतात.

आणि अळ्या खातच राहिल्या, पिकतच नाहीत, तर शेजारच्या कापसाकडे बघा. पांढऱ्या माशीसाठी मारलेलं पायरिप्रॉक्सिफेन वाऱ्यानं तुतीवर आलं तर असं होतं. ते अळीपण टिकवणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करतं. त्या कडेचा पाला बॅचला तोडू नका.