आधी प्रत तपास, मग गुण दे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी वही वाचली. दर शनिवारी रात्री एक जुना मराठी चित्रपट आणि त्याखाली दहापैकी गुण, असं अकरा आठवडे न चुकता केलंस याचा फार आनंद झाला. पण अकरापैकी आठांना सातच गुण आहेत, आणि सात म्हणजे काय ते वहीत कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय दोन ठिकाणी 'चित्र बेढब, आवाज किनरा' म्हणून तू एकेक गुण कापला आहेस. तो दोष आपल्या हाती आलेल्या प्रतीचा. त्याची शिक्षा चित्रपटाला कशाला? म्हणून आधी प्रतीबद्दल लिहितो, गुणांचं नंतर.

आपल्याकडचे तीस ते साठच्या दशकातले कृष्णधवल चित्रपट बहुतेक सगळे जवळजवळ चौरस आहेत. रुंदी चार, तर उंची तीन. आजचा टीव्ही सोळा बाय नऊ. म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. नसतील तर चित्र आडवं ताणलंय किंवा वरून-खालून कापलंय. ओळखायची रीत सोपी आहे. अगदी समोरून दिसणारी गोल वस्तू शोध. बैलगाडीचं चाक सगळ्यात चांगलं. तिथे चित्र थांबव आणि पट्टीने मोज. उंची १५ सेंटिमीटर आणि रुंदी २० भरली, तर चित्र ताणलेलं आहे. रिमोटवर 'पिक्चर साइझ'मध्ये जाऊन ४:३ कर, चाक गोल होईल. चाक आधीच गोल आहे आणि तरीही पट्टे नाहीत, तर मात्र उंचीचा चौथा हिस्सा कापला गेलाय. मग उभ्या माणसाचं पागोटं तुटतं, श्रेयनामावलीची वरची ओळ अर्धीच दिसते. याला घरात उपाय नाही, दुसरी प्रत शोधायची. छायालेखकाने बेतलेली चौकटच उरली नाही, तर छायालेखनाला गुण कशावर देणार?

दुसरी खोडी टीव्हीच करतो. दोन चित्रांच्या मध्ये तो स्वतःच्या मनाने नवी चित्रं घालतो, आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. सॅमसंगमध्ये याला 'ऑटो मोशन प्लस' म्हणतात, एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो'. ते पूर्ण बंद कर. 'शार्पनेस' खाली आण, नाहीतर चेहऱ्यांच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि फिल्मचा रवा, म्हणजे तिच्यावरचे बारीक कण, खरखरीत दिसतो. कृष्णधवल चित्रावर हिरवट किंवा जांभळट झाक असेल तर 'कलर' सरळ शून्यावर ने. 'सराउंड'ही बंद ठेव. त्या काळचा आवाज एकाच पट्टीवर नोंदलेला आहे, त्याला चार दिशांना पसरवलं की संवाद पोकळ ऐकू येतात.

किनऱ्या आवाजाचं कारण वेगळं. चित्रपटगृहात फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी चालते. आपल्याकडची दूरदर्शन आणि व्हीसीडीची पद्धत २५ची. तेव्हा फिल्म टीव्हीसाठी उतरवताना पुष्कळदा ती तेवढी जोरात पळवली गेली. फरक चार टक्क्यांचा, म्हणजे १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो आणि प्रत्येक गळा थोडा वर चढतो. तू ज्या नायिकेचा आवाज 'चिरका' लिहिलास, तिचा मूळ आवाज याहून खालचा असणार. मूकपटांत तर गंमत आणखी मोठी. ते साधारण १६ ते २० चित्रांच्या वेगाने काढलेले असत, आणि २४ने दाखवले की माणसं तुरुतुरु पळू लागतात. फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले तुकडे बघताना असं दिसलं, तर यूट्यूबवर वेग ०.७५ कर. २४चे १८ होतात आणि माणसं माणसांसारखी चालायला लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि हीच तुझ्या वहीत एकदाही नाही: चित्रपट पुरता आहे का? सुरुवातीला सेन्सॉरची पाटी येते. तिथे थांबवून लांबी लिहून घे. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. लांबी मीटरमध्ये असेल तर २७.४ने भाग. समजा पाटीवर ११,७०० फूट आहे. म्हणजे १३० मिनिटं. तुझ्या प्रतीची लांबी ११२ मिनिटं निघाली, तर वाढीव वेगामुळे पाचेक मिनिटं कमी झाली असतील, पण उरलेल्या तेरा मिनिटांचा हिशेब लागत नाही. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटांचं असतं. अख्खं एक रीळ आणि वर थोडं गायब आहे! मग 'कथा मध्येच तुटते' हा शेरा दिग्दर्शकाच्या नावावर टाकायचा नाही. पाटी पुढच्या पुनर्प्रदर्शनाची असू शकते, म्हणून तिच्यावरचं साल चित्रपटाचं साल धरू नकोस.

रिळं हरवण्याला कारणं आहेत. जुनी नायट्रेट फिल्म पटकन पेटते आणि नीट न ठेवल्यास सडते. १९४८च्या जाळपोळीत आपल्याच कोल्हापुरात जयप्रभा स्टुडिओ जळाला. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ आहे, तिथून तू रोज जातेस. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला, त्या गावच्या मुलीने उरलेल्या प्रती तरी काळजीने पाहाव्यात असं मला मनापासून वाटतं.

नोंदीसाठी वहीची समोरासमोरची दोन पानं घे. डाव्या पानावर नाव, साल, संस्था, दिग्दर्शक, छायालेखक, पाटीवरची लांबी, प्रत्यक्ष लांबी, आणि प्रतीला अ, ब किंवा क: अ म्हणजे चांगली, क म्हणजे खराब. क प्रतीच्या चित्रपटाचे गुण कंसात लिही. चांगली प्रत मिळाली की ते बदलतील. साल आणि भाषा कधी सोडू नकोस. 'सावकारी पाश' बाबूरावांनीच दोनदा केला, १९२५ साली मूक आणि १९३६ साली बोलका. प्रभात फिल्म कंपनीने १९४१ साली 'शेजारी' मराठीत केला आणि 'पडोसी' हिंदीत. मराठीत पाटलाच्या भूमिकेत केशवराव दाते आहेत, हिंदीत त्याच जागी ठाकूर म्हणून मजहर खान. मिर्झाच्या भूमिकेत दोन्हीकडे गजानन जागीरदार. अशा जोडीला दोन स्वतंत्र नोंदी, दोन स्वतंत्र आकडे.

उजव्या पानावर बघताना फक्त मिनिट आणि दोन-तीन शब्द. तेवढंच पुरतं. चित्रपट संपेपर्यंत कुणाचंही परीक्षण वाचायचं नाही, फोन दुसऱ्या खोलीत. प्रतीची तपासणी सोडली तर थांबायचं ते पडद्यावर 'मध्यंतर' येईल तिथेच.

मग गुण. पाच रकाने करून कथा, अभिनय, संगीत अशी बेरीज तू करतेस, ती बंद कर. बेरजेत एका अंगाने लखलखीत चित्रपट आणि सगळ्या अंगांनी बरा चित्रपट सारखेच ठरतात. म्हणूनच सगळे सातावर येऊन बसलेत. एकच आकडा दे, अर्धा गुण चालेल, आणि त्याखाली दोन ओळी: कशाने वाढले, कशाने कमी झाले. पाच म्हणजे एकदा पाहिला, पुरे. सहा म्हणजे मधूनच लागला तर बसून पाहीन. सात म्हणजे यातलं एखादं दृश्य पुन्हा काढून पाहीन. आठ म्हणजे अख्खा पुन्हा पाहीन. नऊ म्हणजे दुसऱ्याला धरून बसवून दाखवीन. दहा मात्र तिसऱ्यांदा पाहिल्याशिवाय द्यायचे नाहीत.

गुजरीत सोनार कसोटीवर दागिना घासतो तेव्हा शेजारी माहीत असलेल्या सोन्याचीही रेघ ओढतो. तसे चार चित्रपट तुझ्याकडे पक्के हवेत: एक चाराचा, एक सहाचा, एक आठाचा, एक नवाचा. नव्या चित्रपटाला सात द्यावेसे वाटले की विचार, आज रात्री दोन्हींतला एकच पाहायचा तर हा की तो सहाचा? हा की तो आठाचा? उत्तर लगेच येतं. शनिवारी रात्री आकडा पेन्सिलीने लिही, रविवारी संध्याकाळी शाईने. दोहोंत एकाहून जास्त फरक पडला तर कारण लिही. बहुतेक वेळा कारण गाणं असतं. लहानपणापासून कानावर असलेलं गाणं लागलं की हात सैल सुटतो. गाणं गोड आहे हे झालंच; ते संपल्यावर कथा पुढे सरकलेली आहे का, एवढंच बघ.

'अयोध्येचा राजा'ला तू 'कॅमेरा हलत नाही' म्हणून अर्धा गुण कापलास, तो परत दे. १९३२चा हा चित्रपट, पहिला मराठी बोलपट, इथेच कोल्हापुरात झाला. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोर स्वतः गात, आणि ध्वनी तिथल्या तिथे नोंदला जाई. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये जाऊ नये म्हणून त्याला झाकून, अंतर राखून ठेवावं लागे. तो हलणार कसा? अशा जागी बघायचं ते हे, की न हलणाऱ्या चौकटीत माणसं कुठे उभी केली आहेत, मागे काय आहे, उजेड कुठून येतो. ते सपाट असेल तर मात्र खुशाल काप. जुना आहे म्हणून दयाही दाखवू नकोस.

या शनिवारी भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' लाव. १९६५चा आहे, संगीतकार म्हणून 'आनंदघन' हे नाव दिसेल, त्या लताबाई. ऐरणीचं गाणं आलं की आधी आवाज बंद करून एकदा पाहा, मग आवाजासह. हातांना काम करायची सवय आहे असं वाटतं का, विस्तवाचा उजेड चेहऱ्यावर खरा पडतो का, हालचाल आणि ठेका कुठे जुळतात, कुठे सुटतात, ते मिनिटासह लिही. पाटीवरची लांबी विसरू नकोस. रविवारी शाईचा आकडा आणि त्याखालच्या दोन ओळी कळव.

तुझा,
काका