ठिपका कधी निघतो? ऑसिलोस्कोपच्या ट्रिगर आणि स्वीपविषयी प्रश्नोत्तरे

सर, जर्नलमध्ये ‘ट्रिगरमुळे लहर स्थिर दिसते’ असं आम्ही सगळ्यांनी लिहिलं. तोंडी परीक्षेत ‘म्हणजे आत नक्की काय होतं?’ असं विचारल्यावर सगळे गप्प. – पॉलिटेक्निकची विद्यार्थिनी, रत्नागिरी

तुमच्या वाक्यात चूक काही नाही, फक्त त्यातून काहीच कळत नाही. ऑसिलोस्कोप (थोडक्यात स्कोप) म्हणजे बदलतं व्होल्टेज पडद्यावर लहरीसारखं काढून दाखवणारं यंत्र. ठिपक्याची डावीकडून उजवीकडची धाव म्हणजे स्वीप, आणि ती धाव सुरू करणारा इशारा म्हणजे ट्रिगर. लहर थांबलेली नसते. तीच लहर सेकंदाला शेकडो वेळा काढली जाते आणि प्रत्येक वेळी तिच्याच जागी पडते, म्हणून आपल्याला ती थांबल्यासारखी वाटते.

सुरुवात श्मिट ट्रिगरपासून कर. तू लेव्हलच्या नॉबने ठरवलेलं व्होल्टेज सिग्नलने, तू निवडलेल्या दिशेने, म्हणजे चढताना किंवा उतरताना, ओलांडलं की हे सर्किट झटकन उलटतं. त्या धक्क्याने स्वीप गेट उघडतं आणि दोन कामं एकदम होतात. पडद्यावरचा ठिपका उजळतो, आणि टायमिंग कपॅसिटरला शॉर्ट करून ठेवणारा स्विच सुटतो. आता कपॅसिटरमध्ये स्थिर प्रवाह शिरतो. ‘स्थिर’ या शब्दावर परीक्षक अडवतातच. साध्या रेझिस्टरमधून चार्ज केलं तर व्होल्टेज आधी भरभर आणि मग रेंगाळत चढतं, पण प्रवाह स्थिर असला की सरळ रेषेत चढतं. १ मायक्रोफॅरडमध्ये १ मिलिअँपिअर सोडला तर दर मिलिसेकंदाला बरोबर १ व्होल्ट. बहुतेक स्कोपमध्ये हे काम मिलर इंटिग्रेटर करतो. हाच चढ एक्स-अँप्लिफायरमधून मोठा होऊन ठिपका आडवा सरकवणाऱ्या प्लेट्सवर जातो आणि ठिपका डावीकडून उजवीकडे समान वेगाने निघतो.

उजवी कड गाठली की गेट बंद होतं, ठिपका विझतो, कपॅसिटर रिकामा होतो. परतीची रेघ दिसत नाही ती यामुळेच. मग येतो होल्ड-ऑफ, म्हणजे नव्या ट्रिगरकडे दुर्लक्ष करण्याचा काळ. दाभोळ-धोपावे फेरीबोट एकदा सुटली की धक्क्यावरून कितीही हॉर्न वाजवा, ती पलीकडे जाऊन, परत येऊन, धक्क्याला नीट लागेपर्यंत नवी गाडी घेत नाही. स्वीपचंही तसंच आहे.

हिशेब करून बघ. १ किलोहर्ट्झची लहर, टाइम/डिव्ह (एक आडवं घर ओलांडायला ठिपक्याला लागणारा वेळ) ०.२ मिलिसेकंद, पडदा दहा घरांचा. एक स्वीप २ मिलिसेकंदांचा, त्यात दोन आवर्तनं. दुसरं आवर्तन संपतानाचा ट्रिगर होल्ड-ऑफमध्ये वाया जातो, नवा स्वीप ३ मिलिसेकंदांनी सुटतो. म्हणजे दर तिसरं आवर्तन तुला दिसतच नाही. तोंडी परीक्षेला सिग्नल, ट्रिगर पल्स, करवती लहर (कपॅसिटरच्या व्होल्टेजचा चढ-उतार) आणि गेट अशा चार आकृत्या एकाखाली एक काढ. करवती लहरीचे दात एकमेकांना चिकटून काढलेस, तर ट्रिगर्ड स्वीप समजलाच नाही असं परीक्षक धरतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

जुना ड्युअल ट्रेस (दोन सिग्नल दाखवणारा) स्कोप घेतलाय. चित्र सारखं पळतं. टाइम/डिव्हच्या मधला छोटा नॉब फिरवला की घटकाभर थांबतं, परत पळतं. स्कोप गेला काय? – टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्ती, कुडाळ

स्कोप बहुतेक ठणठणीत असावा. सिग्नल चॅनल १ वर आणि ट्रिगर सोर्स चॅनल २ वर किंवा एक्स्टर्नलवर, असा प्रकार दिसतोय. सोर्स चॅनल १ वर आणा, कपलिंग एसीवर, लेव्हल मध्यावर. तो छोटा नॉब कॅलच्या (कॅलिब्रेटेड) खाचेत बसवा आणि पुन्हा हात लावू नका. तो हलला की पडद्यावर मोजलेला वेळ खोटा ठरतो.

तुम्ही नकळत जुनी पद्धत वापरत होतात. पूर्वीच्या स्कोपमध्ये स्वीप आपला आपण फिरत राहायचा आणि त्याची गती सिग्नलशी जुळवून घ्यावी लागायची. अमेरिकेत हॉवर्ड व्हॉलम यांच्या टेक्ट्रॉनिक्सने १९४७ मध्ये ५११ हा स्कोप काढला. तेव्हापासून सिग्नलने सोडलेला आणि वेळेचं माप असलेला स्वीप हळूहळू सगळीकडे रुळला.

एक न विचारलेलं सांगतो. प्रोबची अर्थ-क्लिप आतून थेट अर्थिंगला जोडलेली असते. एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) मेन्सकडच्या बाजूला ती लावू नका, आणि त्यावर उपाय म्हणून स्कोपची अर्थ पिन तर अजिबात कापू नका.

इन्व्हर्टरचा आउटपुट बघतो. ट्रिगर ‘लाइन’वर ठेवला तर चित्र सावकाश एका बाजूला सरकत राहतं. ५० हर्ट्झच आहे ना? – देवगड

लाइन ट्रिगर स्कोपच्या स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरमधून येतो, म्हणजे तो महावितरणचा ५०. तुमचा इन्व्हर्टर त्याचा स्वतःचा ५० बनवतो. पाच सेकंदांत एक पूर्ण आवर्तन सरकलं, तर फरक ०.२ हर्ट्झचा. फुकटात मोजमाप झालं! चित्र थांबवायचं असेल तर सोर्स चॅनल १ करा. आणि आउटपुट थेट प्रोबला न देता मध्ये छोटा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घाला.

बंदीच्या दिवसांत बोटी वर ओढायच्या आधी फिश फाइंडर (प्रतिध्वनीवरून मासे आणि तळ दाखवणारं यंत्र) तपासायला येतात. धक्क्यालाच ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग) पाण्यात ठेवून बघतो. ट्रान्सड्यूसरच्या वायरीवर पल्स दिसतो, पण चित्र लुकलुकतं आणि तळाचा प्रतिध्वनी काही सापडत नाही. ट्रिगर ऑटोवर आहे. – मरीन इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती, हर्णै

असे प्रश्न आले की बरं वाटतं. ट्रिगरची सगळी बटणं एकाच कामात लागतात.

आधी ऑटो सोडा. ऑटोमध्ये ट्रिगर काही काळ आला नाही की स्वीप आपणहून धावायला लागतो. सिग्नल नसतानाही रेघ दिसावी एवढाच त्याचा हेतू. तुमचे पल्स सेकंदाला मोजकेच, त्यामुळे दोन पल्सांच्या मधे रिकामे स्वीप घुसतात आणि खऱ्या चित्रावर रेघ ओढून जातात. नॉर्मलवर ठेवा. पल्स आला तरच ठिपका निघेल. चित्र मंद दिसेल, दुकानाचं शटर अर्धं ओढा.

ट्रिगर ट्रान्सड्यूसरच्या वायरीवरून घेऊ नका. तिथे शेकडो व्होल्ट असू शकतात, शिवाय एका पल्समध्ये २०० किलोहर्ट्झची पुष्कळ आवर्तनं असतात. पल्स अर्ध्या मिलिसेकंदाचा असेल तर तब्बल शंभर. स्वीप २० मायक्रोसेकंद/डिव्हवर असेल तर तो २०० मायक्रोसेकंदांत संपतो आणि त्याच पल्सच्या पोटात पुन्हा सुटतो. मग एकावर एक दोन-तीन चित्रं पडतात. होल्ड-ऑफ वाढवला तर हे थांबतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे ट्रान्समीटरला सोडणारा जो लॉजिक पल्स बोर्डावर असतो, तो एक्स्टर्नल ट्रिगरला द्या. प्रत्येक पिंगला, म्हणजे पाण्यात सोडलेल्या प्रत्येक पल्सला, एकच कड, भानगडच नको.

चॅनल १ रिसीव्हरच्या अँप्लिफायरनंतर लावा. वायरीवर परत येणारा प्रतिध्वनी इतका क्षीण असतो की मोठ्या पल्सशेजारी तो दिसणं कठीण. वायरच बघायची असेल तर १०:१ (व्होल्टेज दहापट कमी करणारा) प्रोब घ्या आणि त्यावर छापलेली व्होल्ट-मर्यादा आधी वाचा.

आता तो शोधायचा कुठे? समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. ट्रान्सड्यूसरखाली ६ मीटर पाणी असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर, म्हणजे ८ मिलिसेकंद. टाइम/डिव्ह १ मिलिसेकंद ठेवा, आठव्या घराच्या रेषेवर उंचवटा दिसायला हवा. ओहोटीला तो डावीकडे येईल.

जवळून बघायचं तर ×१० मॅग्निफायर ओढा आणि पोझिशनने आठवं घर मध्ये आणा. यात स्वीप बदलत नाही, फक्त एक्स-अँप्लिफायर दहापट ताणतो, म्हणून उजेड आणखी उतरतो. डिलेड स्वीप असलेला स्कोप मिळाला तर उत्तम. त्यात पहिल्या स्वीपचा चढ ठरावीक व्होल्टेजला पोचला की दुसरा, वेगवान स्वीप सुटतो.

ताणलेल्या चित्रात प्रतिध्वनी डावी-उजवीकडे झुलायला लागला तर लेव्हलशी झटापट करत बसू नका. आधी पोझिशन फिरवून सुरुवातीचा पल्स पाहा. तो जागचा हलत नसेल तर ट्रिगर पक्का आहे. लाटेने ट्रान्सड्यूसर १० सेंटिमीटर वर-खाली झाला की प्रतिध्वनी ०.१३ मिलिसेकंद सरकतो, म्हणजे ताणलेल्या पडद्यावर घरभर. ती लाटच तुम्हाला दिसतेय.

आमच्या प्रयोगशाळेतला स्कोप पावसाळ्यात वेडा होतो. जलद रेंज ठीक, पण ०.१ सेकंद/डिव्हच्या आसपास लहरी उजवीकडे दाटतात. एकदा तर ठिपका कडेपर्यंत पोचलाच नाही. – प्रयोगशाळा सहायक, मालवण

जलद रेंज ठीक आहेत म्हणजे ट्रिगर आणि एक्स-अँप्लिफायर निर्दोष. गळती टायमिंगच्या भागात आहे. मंद रेंजला कपॅसिटर मोठा आणि त्यात जाणारा प्रवाह काही मायक्रोअँपिअर इतकाच. खारट दमट हवेने टाइम/डिव्हच्या रोटरी स्विचच्या पातळ चकत्यांवर ओलसर थर बसला की यातलाच थोडा प्रवाह तिथून निसटतो. व्होल्टेज चढेल तशी गळती वाढते, म्हणून चढ उजवीकडे मंदावतो आणि लहरी दाटतात. गळती प्रवाहाइतकी झाली की चढ तिथेच थबकतो, ठिपका अडकतो आणि स्वीप संपतच नाही.

प्लग काढून, पडद्याच्या ट्यूबचा सुमारे दोन हजार व्होल्टचा पुरवठा उतरेपर्यंत थांबा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने चकत्या पुसा. तेलकट कॉन्टॅक्ट क्लीनर इथे नको, त्याच्यावर धूळ धरते. नंतर साध्या बल्बच्या उबेत दिवसभर वाळवा. तरीही दाटलंच तर मोठा टायमिंग कपॅसिटर बदला. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनच घाला, इलेक्ट्रोलिटिक नको.

पल्सची चढती कडच दिसत नाही, चित्र कडेनंतर सुरू होतं. – छंदिष्ट, अलिबाग

ट्रिगर उलटायला आणि स्वीप सुटायला थोडे नॅनोसेकंद लागतातच, तोवर कड निघून गेलेली असते. महागड्या स्कोपमध्ये सिग्नल डिले लाइनमधून थोडा उशिरा, ठिपका वर-खाली हलवणाऱ्या प्लेट्सवर नेतात. स्वस्तातल्या २० मेगाहर्ट्झच्या स्कोपमध्ये ती बहुधा नसते. पल्स पुन्हा पुन्हा येणारा असेल तर स्वीप थोडा मंद करा आणि आधीच्या पल्सवर ट्रिगर होऊन पुढच्याची कड बघा. एकदाच येणारा असेल तर डिजिटल स्कोप घ्या. तो ट्रिगरच्या आधीचंही साठवून ठेवतो.