दत्तक आणलेला कॉकटेल नव्या पिंजऱ्यात कधी आणि कसा हलवावा?

तुम्ही लिहिलंय की ओळखीच्यांकडून तीन वर्षांचा कॉकटेल (कॉकटिएल, डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) घरी आणलाय, त्याच्यासोबत आलेला पिंजरा फारच लहान आहे, म्हणून नवा मोठा घेतलाय. दुकानदार म्हणतो, रात्री लाइट बंद करा, हाताने पकडा आणि टाका आत, सकाळपर्यंत विसरेल. असंच करावं का, की काही दिवस थांबावं, आणि खेळणी कोणती ठेवावीत, असं तुम्ही विचारलंय.

रात्री पकडून टाकू नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं ऐका. हाच सल्ला आमच्या घरात दिला गेला होता आणि माझ्या डोळ्यांसमोर अमलातही आला होता.

मी धुळ्याची. आमचा टिल्लू जळगावहून आला. यांच्या ऑफिसातल्या एकांची बदली झाली, घरात तान्हं बाळ, पक्ष्याकडे बघणं होईना. म्हणून आम्ही घेतला. एप्रिलचे दिवस, एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यावर तापलेलं वारं, आणि मी पिंजऱ्याच्या एका बाजूला ओला पंचा टाकून तो मांडीवर धरून बसलेली. घरी पोचलो तेव्हा पक्षी पार गप्प. तुरा डोक्याला चिकटलेला, हात जवळ नेला की फुस्स करायचा. कॉकटेलचा तुरा असा सपाट झाला म्हणजे तो घाबरलाय किंवा चिडलाय. एकदम ताठ उभा म्हणजे दचकलाय. निवांत असला की तुरा अर्धवट मागे झुकलेला असतो. हे ज्याला वाचता येत नाही त्याने पक्ष्याला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या जेठांचं ग्रिलचं वर्कशॉप आहे. टिल्लू येणार म्हटल्यावर त्यांनी हौसेने पिंजरा बनवून ठेवला होता. आडवा, ऐसपैस, खाली सरकता ट्रे, दाराला कडी. काम देखणं होतं, त्याबद्दल मी आजही चांगलंच बोलते. पण त्यांना तो पक्षी त्याच रात्री त्या पिंजऱ्यात हवा होता. मी म्हटलं, "भाऊ, आठ-पंधरा दिवस जाऊ द्या, आधी त्याला घर कळू द्या." ते म्हणाले, "पाखरूले काय समजस? अंधारामा पकड नि टाकी दे, दोन दिनमा सवय व्हई जाई." आमच्याकडे मोठ्यांपुढे दुसऱ्यांदा बोलायची रीत नाही. हे खाली बघत बसले. लाइट बंद झाली, गमछ्यात टिल्लूला गुंडाळलं, आणि झालं काम.

मध्यरात्रीनंतर शेजारच्या गच्चीवर मांजरीने काहीतरी पाडलं. त्या आवाजासरशी पिंजऱ्यात जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. पंख जाळीवर आपटत होते, भांडी उलटत होती, मध्येच एक चिरका आवाज. लाइट लावली तर टिल्लू ट्रेवर पडलेला, चोच उघडी, आणि मागच्या भिंतीवर रक्ताचे बारीक थेंब. पंखाचं नुकतं उगवणारं पीस मोडलं होतं. अशा पिसाच्या नळीत रक्त असतं, मोडलं की वाहत राहतं. मी कॉर्नफ्लॉर चिमटीत घेऊन त्यावर दाबून धरलं, तेव्हा थांबलं. त्यानंतर बरेच दिवस तो खालच्या कोपऱ्यात बसून राहायचा, आणि खोलीत कुणी नसलं तरच दाणा उचलायचा. अजूनही कुणाच्या खांद्यावर चौकडीचा गमछा दिसला की त्याचा तुरा ताठ होतो.

भाऊंचं म्हणणं असं की मांजर आली म्हणून झालं, पिंजऱ्याचा काय संबंध. संबंध आहे. रात्री दचकून अंधारात सैरावैरा फडफडणं ही कॉकटेलची जातीचीच खोड आहे, पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. ओळखीच्या पिंजऱ्यात दांडी कुठे, जाळी कुठे, हे त्याला ठाऊक असतं. दचकला तरी सावरतो. अनोळखी पिंजऱ्यात, तेही झोपेतून उचलून टाकलेला असताना, तो कशाला धरणार? म्हणून पहिले कितीतरी दिवस खोलीत झिरोचा बल्ब रात्रभर चालू हवा. आमच्याकडे लाइट जाते, त्यामुळे मी चार्जिंगचा छोटा दिवाही ठेवते.

दुसरी गोष्ट पकडण्याची. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हलतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. भीतीपोटी माणूस छातीभोवती मूठ आवळतो, आणि पक्षी हातात गुदमरतो. पकडायची वेळ आलीच तर मान दोन बोटांत हलकी धरायची, छाती मोकळी. हे ज्याला येत नाही त्याने अंधारात तर मुळीच प्रयोग करू नये.

आणि ती जाळी. भाऊंनी गॅल्व्हनाइज्ड जाळी वापरली होती. मी म्हटलं, यावर जस्ताचा थर असतो, पक्ष्याच्या पोटात गेला तर विष होतं. तर म्हणे, "याच जाळीत लोक कोंबड्या पाळतात, एक मेली का?" अहो, कोंबडी चोचीने जाळी चढत नाही! पोपटाच्या जातीला चोच म्हणजे तिसरा पाय. दिवसभर तो जाळी चावतच फिरतो. नवी जाळी असेल तर व्हिनेगर लावून तारेच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. स्टील किंवा चांगलं पावडर कोटिंग असेल तर उत्तमच. तुमचा विकतचा पिंजरा आहे, तरी रंगाचे पापुद्रे निघतात का ते नखाने खरवडून बघा. तारांमधलं अंतर अर्धा ते पाऊण इंच, त्याहून जास्त नको, डोकं अडकतं. आणि उंचीपेक्षा रुंदी बघा, पक्षी आडवा उडतो.

मी पुढे काय केलं ते सांगते, म्हणजे तुमचंही उत्तर त्यात येईल. जुना पिंजरा गॅलरीत भंगारासाठी ठेवलेला होता. तो आणून नव्याला चिकटवून ठेवला, दोन्ही दारं समोरासमोर, दोरीने बांधलेली. टिल्लू कुणी हात न लावता आपण होऊन जुन्यात परतला. ज्याला काही समजत नाही म्हणत होते, त्याला स्वतःचं घर बरोबर समजलं. मग मी त्याला तिथेच राहू दिला. खाणं-पाणी जुन्यात चालू ठेवलं आणि नव्या पिंजऱ्यात, अगदी दाराजवळ, राळ्याचं कणीस अडकवलं. त्याची जुनी मळकी दांडी काढून नव्यात सगळ्यात उंच जागी लावली, बाकीच्या दांड्या पेरूच्या आणि कडुनिंबाच्या, कमी-जास्त जाडीच्या. सगळ्या एकाच मापाच्या गोल गुळगुळीत दांड्या असल्या तर तळव्याला एकाच जागी दाब बसून जखमा होतात.

तो आधी दाराच्या चौकटीवर यायचा. एक पाय पलीकडच्या दांडीवर टाकायचा, बोटं आवळायचा, सोडायचा, पाय मागे. मान लांब करून कणसाचे दोन दाणे ओढायचा आणि तिथेच उभा राहून सोलायचा. मी स्वयंपाकघरातून बघत असायचे, जवळ जात नव्हते. एके दिवशी दुपारी यांचा डबा भरता भरता बघितलं तर महाराज नव्या पिंजऱ्यातल्या जुन्या दांडीवर, एक पाय पोटात घेऊन, चोच करकरवत बसलेले. त्यानंतरही रात्री जुन्यात जायचा. जाऊ दिलं. दिवस आणि रात्र दोन्ही नव्यात जाऊ लागल्यावरच जुना पिंजरा हलवला.

भाऊ आजही दिवाळीला सगळे जमले की म्हणतात, "शेवट मना पिंजरामाच बठना ना?" बसला. पण तो स्वतःच्या पायांनी गेला. त्या पहिल्या रात्री माझं ऐकलं असतं तर भिंतीवर रक्त उडालं नसतं, हे मी घरात कधी पूर्ण बोलू शकले नाही म्हणून इथे लिहितेय.

थांबायचं किती, तर माझ्या मते आल्यावर आठवडाभर तरी काहीच बदलू नका. नवा पिंजरा त्याच खोलीत, त्याला दिसेल असा नुसता उभा राहू द्या. पुढचं त्याच्या चालीने. रोज सकाळी स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर वजन घ्या. कॉकटेल साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो, त्यात नऊ-दहा ग्रॅमची घट म्हणजे थेट डॉक्टर. बसल्या बसल्या श्वासागणिक शेपूट वर-खाली होत असेल तरी तेच. पक्ष्यांचा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, आपल्या भागात बहुतेक डॉक्टर गाई-म्हशींचेच.

सध्या उन्हाळा असेल तर भर दुपारी काही हलवाहलव नको. ४४-४५ अंशांत पक्षी नुसता बसला तरी धापा टाकतो, पंख अंगापासून दूर धरतो. पिंजरा कूलरच्या थेट झोतात नको, गॅलरीत नको, आणि स्वयंपाकघरात तर अजिबात नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या धुराने पक्षी मरतो.

आता एक सांगायचं राहिलं. जुना पिंजरा गंजलेला, तारा तुटलेल्या, किंवा जाळीची फट मोठी असेल तर माझं हे आठवड्याचं गणित सोडा आणि त्याच दिवशी हलवा. पण दिवसा, उजेडात, दाराला दार लावून. घरात आधीचा पक्षी असेल तर मात्र महिनाभर तरी वेगळ्या खोलीत.

आणि हे वाचून कुणी आपला हिरवा पोपट मोठ्या पिंजऱ्यात टाकायला निघाले असतील तर थांबा. आपला गळ्यात पट्टा असलेला पोपट काय किंवा पहाडी काय, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे घरात ठेवणं गुन्हा आहे. लहान पिंजराही चालत नाही आणि मोठाही नाही, वनविभागाशी बोला. कॉकटेल मूळ ऑस्ट्रेलियाचा, म्हणून त्याला ही बंदी नाही.

खेळण्यांचं म्हणाल तर पहिला महिना नवीन काहीच नको. त्याची जुनी घंटी, दोरी काय असेल ते तसंच लावा. फक्त आरसा असेल तर काढून टाका. एकटा नर आरशातल्या पक्ष्याच्या नादी लागतो आणि माणसाला जवळ येऊ देत नाही.