निवृत्त मावशीकडे इंदूरला आठ दिवस राहायला जातोय. निघताना खर्चाचं पाकीट ठेवावं का? आणि त्यांच्याबरोबर काय काय बघता येईल?

नका ठेवू.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मावशी एकट्या असतात, पेन्शनवर भागवतात आणि त्यांना वेळच वेळ असतो, त्यामुळे तुमच्याबरोबर सगळीकडे फिरतील. हे वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवून लिहायला बसले. मीपण इंदूरचीच. सरकारी शाळेत गणित शिकवलं, २०२१ साली निवृत्त झाले. (मध्यप्रदेशात शिक्षकांना ६२ पर्यंत ठेवतात, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना पटतच नाही.) एकटीच असते, पेन्शनवरच भागतं. भागतं बरं का, भागवावं लागत नाही.

आधी त्या 'वेळच वेळ'चं बघू. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतंय, ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपानं चढवून आणतात. आमच्या वस्तीत ते एक दिवसाआड, पहाटे साडेपाचला, पाऊण तास. इथे 'पाणी आलं' म्हणत नाहीत, 'नळ आले' म्हणतात. त्या पाऊण तासात टाकी, पिंप, दोन बादल्या आणि प्यायचं पाणी गाळून झालं तर झालं. सात वाजता बागेत आम्ही पाचजणी. पहिल्या फेरीत गुडघे, दुसरीत सुना, तिसरी फेरी अजून कुणी मारलेली नाही. साडेआठला गाणं वाजवत कचऱ्याची गाडी. शहराचा २०१७ पासून ओळीनं सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर आला तो काही हवेत आला नाही. ओला, प्लास्टिकचा सुका, बिनप्लास्टिकचा सुका, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरगुती घातक असा सहा प्रकारचा कचरा आम्ही वेगळा करून देतो. अकरा ते बारा खालच्या मजल्यावरची दोन मुलं गणिताला येतात. नोव्हेंबरात गल्लीतल्या निम्म्या पेन्शनरांचे हयातीचे दाखले माझ्याच मोबाइलवरून जातात, कारण चेहरा दाखवून दाखला काढताना पापणी कधी लववायची हे त्यांना सांगावं लागतं. शनिवारी ग्रंथालय. सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक असेल तो शनिवार-रविवार तर विचारूच नका. आणि महिन्यातून एकदा भिशी.

भिशीवरूनच सांगायचंय खरं तर.

माझा धाकटा भाऊ डोंबिवलीला असतो. १९८३ ला नोकरीसाठी गेला तो तिकडचाच झाला. मागच्या जानेवारीत तो आठ दिवस एकटाच माझ्याकडे यायचा होता. वहिनीला नातवामुळे जमत नव्हतं. आमच्या भिशीत बाराजणी, महिन्याला हजार रुपये, आणि चिठ्ठी काढतो. मी नोव्हेंबरातच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बायांनो, डिसेंबरची चिठ्ठी काढू नका, मला द्या, माझा भाऊ येतोय. कुणी हरकत घेतली नाही. बारा हजार हातात आले आणि मी त्याचा आठवडा बेतला. कालीमूछ तांदूळ, शेव, पोह्यांवरचा जीरावण मसाला, तळून खायचा गराडू कंद, गाजराच्या हलव्याचा मावा, पाहुण्यांच्या खोलीला नवा पलंगपोस. दोन वर्षांत इतकं सामान एकदम घरात आलं नव्हतं. फार मजा आली मला त्या याद्या करताना.

अवंतिका एक्सप्रेसनं आला. बोरिवलीला बसला होता, सकाळी उज्जैनहून फोन, "ताई, उज्जैन सोडलं, पोहे टाक." इथवर सगळं छान. पोहे खाऊन झाले आणि त्यानं मोबाइलमधली यादी काढली. सराफा, छप्पन दुकान, मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, महाकाल. चार दिवसांची गाडीसुद्धा ठरवून आला होता, मला न विचारता. मांडूची गाडी नेमकी भिशीच्या दिवशी. चिठ्ठी माझी, म्हणजे जानेवारीची बैठक माझ्याकडे. मी म्हटलं, त्या दिवशी जमणार नाही. तर म्हणतो, "भिशी काय, पुढच्या महिन्यात करा. तुला तसं काय काम असतं?"

मी काही बोलले नाही. पण गेले नाही मांडूला. तोही गेला नाही, फुगून बसला. दुपारी सगळ्याजणी आल्या, साबुदाण्याची खिचडी आणि गराडू होते. अर्ध्या तासात हा आतल्या खोलीतून बाहेर आला, पाणी द्यायच्या निमित्तानं. मग तांबोळा सुरू झाला तर आकडे काढायला तोच बसला. प्रत्येक आकड्याला काहीतरी शेरा मारायचा. समोरच्या जैन भाभी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. संध्याकाळी म्हणाला, ताई, तुझं बरं आहे गं, आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारी कोण राहतो ते मला माहीत नाही. त्या आठ दिवसांतला त्याचा सगळ्यात चांगला दिवस तोच होता. हे त्यानंच मान्य केलंय, मी म्हणत नाही.

दुसऱ्या पहाटे नळ आले तेव्हा मी उठायच्या आत तो पाइप लावून उभा होता. त्याचा उजवा खांदा आखडलेला आहे, हात कानाच्या वर जात नाही, म्हणून डाव्या हातानं बादल्या हलवत होता. मी अंथरुणात पडून पाण्याचा आवाज ऐकत राहिले. निवृत्तीनंतर नळाच्या दिवशी सहा वाजेपर्यंत लोळलेली मी तेवढीच एकदा. तुम्हाला मावशीसाठी काही करायचंच असेल तर हे करा. फक्त केळीचं साल सुक्या कचऱ्यात टाकू नका. यानं टाकलं होतं, आणि गाडीवाल्या दीदीनं अख्ख्या गल्लीसमोर मला डबा परत दिला.

फिरण्याचं विचारलंत म्हणून थोडक्यात. सराफ्याला रात्री दहानंतर जा, सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्टे का कीस घ्या, थंडी असेल तर गराडू घ्या, साठीच्या पुढच्या माणसाला दोन्ही एका रात्री खाऊ देऊ नका. भावानं दोन्ही खाल्लं, वर जिलबी आणि कढईतलं दूध. दीड वाजता मी ईनो ढवळत होते. महेश्वर ९० किलोमीटर आहे, पहाटे निघालात तर संध्याकाळी परत. घाटावर बसा, अहिल्याबाईंची गादी बघा. एवढं राज्य सांभाळलेल्या बाईची बसायची जागा किती साधी होती ते तिथे दिसतं. राजवाडा आणि लालबाग शहरातच आहेत, पण बघायला वेळ लागतो. उज्जैन तुमचं तुम्ही करा, मावशींना त्या गर्दीत नेऊ नका.

महेश्वरला त्यानं मला साडी घेतली, जांभळ्या काठाची. मी लगेच घेतली आणि भिशीत नेसून मिरवली. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

तो गेला. फोनवर नेहमीसारखं बोलणं व्हायचं. जरा तुटक बोलतोय असं वाटलं, पण त्याचा खांदा दुखत असेल म्हणून मी सोडून दिलं. मग मार्चमध्ये रंगपंचमी आली. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघून भाचेमंडळी रंगानं निथळत माझ्याकडे जेवायला येतात, दरवर्षीचं आहे. मसालेभातासाठी कालीमूछचा डबा काढला. तो मी सणावारीच उघडते. तांदळात हात घातला तर पाकीट. लग्नाच्या आहेराचं, गणपती छापलेलं, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. बोरिक पावडरीनं पांढरं झालेलं. आत पाचशेच्या वीस नोटा.

मी फोन केला. तर पलीकडून आधी शांतता आणि मग, "म्हणजे तुला आत्ता मिळालं?" दोन महिने त्याला वाटत होतं की ताईनं पैसे ठेवून घेतले आणि एका शब्दानं बोलली नाही. वहिनीला तसं सांगूनही झालं होतं. विचार करा. मी बारा हजारांची भिशी ज्याच्यासाठी मागून घेतली, त्याच्या घरी मी दोन महिने पैसे दाबून बसलेली बहीण होते.

वर म्हणतो काय, "तुझी पेन्शन किती आहे ते मला माहीत आहे." आणि मग, "ओवाळणी समज." ओवाळणी ताटात पडते हो, तांदळाच्या डब्यात नाही. ताटात घालणाऱ्याचा चेहरा मला दिसतो. डब्यात ठेवणारा रिक्षात बसून स्टेशनवर पोचलेला असतो.

मी त्याला दहा हजार एक रुपये मोबाइलवरून पाठवले. दहा मिनिटांत परत. मी पुन्हा पाठवले, त्यानं पुन्हा. तिसऱ्या फेरीला बेंगळुरूहून लेकीचा फोन आला की आई, थांबा आता दोघं, बँकवाले चौकशीला येतील. सध्या ते पैसे माझ्याकडे आहेत, कारण शेवटी त्यानं पाठवले तेव्हा मी चिडून फोन बंद करून झोपले, आणि सकाळी पुन्हा सुरुवात करायचा कंटाळा आला. म्हणजे मी हरले असं नाही.

त्याचा मुद्दा असा की साडी चालते मग पैसे का नाही, साडी काय फुकट येते? गेले कित्येक महिने तो हेच धरून बसलाय. साडी घेताना तो माझ्याबरोबर दुकानात तासभर बसला होता, हिरवी की जांभळी यावर आम्ही भांडलो होतो. पाकिटात काय आहे? हिशोब आहे. आठ दिवस, दोन वेळचं जेवण, भागिले अमुक. आयुष्यभर गणित शिकवलंय, मला कळतं पाकिटातलं गणित. तुमच्या मावशी गणिताच्या नसल्या तरी त्यांनाही कळेल.

आता एक सांगायला हवं. सगळ्यांची पेन्शन माझ्यासारखी नसते. खासगी नोकरीतल्यांची ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ साली ठरली तेव्हा महिना हजार रुपये होती, त्यात कुणाचं काय होणार? तुमच्या मावशींची खरोखर ओढाताण असेल आणि तुम्हाला ती डोळ्यांनी दिसत असेल (अंदाजानं नव्हे), तर औषधाच्या दुकानात त्यांचं खातं असतं ते भरून टाका, किंवा सिलिंडर येईल तेव्हा दार तुम्ही उघडा. आणि नंतर त्याबद्दल बोलू नका. हे वाचून माझा भाऊ म्हणेल की मग डब्यात ठेवलं तर काय वेगळं केलं. म्हणू दे.

गाडी-बिडी ठरवायच्या आधी मावशींना फोन करा आणि नळ कोणत्या दिवशी येतात, भिशी किंवा भजन कधी आहे ते विचारा. उरलेल्या दिवसांत महेश्वर बसतंय का बघा.

भाऊ या जानेवारीत पुन्हा येतोय. या वेळी गाडी ठरवलेली नाही म्हणाला, भिशीची तारीख मात्र विचारून घेतली. कालीमूछचा डबा मी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय, तिथे त्याचा खांदा पोचत नाही.