फॉरमॅट मारू देऊ नका ताई, आधी तारीख बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की विंडोजचा लोगो येतो, निळा स्क्रीन येतो आणि परत पहिल्यापासून सुरू, आणि त्याआधी आठवडाभर पीसीचं घड्याळ चुकत होतं. माझं अगदी हेच झालं होतं, म्हणून ताट सरकवून लिहायला बसलोय. वायर-प्लग तुम्ही बघितलंच असणार, ते सोडतो.

मदरबोर्डवर (पीसीच्या आतल्या मुख्य सर्किटवर) नाण्याएवढा सेल असतो, सीआर2032, 3 व्होल्टचा. पीसीला करंट असला की त्याच्यावर ताण येत नाही, पण आपल्याकडे रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायची सवय, मग रात्रभर घड्याळ तोच चालवतो. तो संपला की तारीख मागे जाते आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) सेटिंगपण मूळ जागी जातात. त्यात साटा मोड असतो, म्हणजे डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं ते; एएचसीआय ही नवी पद्धत, आयडीई जुनी. विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असेल आणि जुन्या मदरबोर्डात हा मोड आयडीईवर गेला तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. निळ्या स्क्रीनवर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ किंवा शेवटी 7बी असलेला कोड असेल तर बहुतेक हेच.

मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सीपीयू गाडीवर ठेवून दुकानात नेला (नाव घेत नाही), त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारावं लागेल. मी विचारलं डी ड्राइव्ह राहील ना, तर म्हणाले राहतंय की. राहिलं नाही. अख्खी डिस्क पुसली. वडिलांनी चादरीसाठी ग्राफ पेपरवर काढलेली जेकार्डची (मागावर विणायच्या नक्षीची) डिझाइनं मी दोन दिवाळीच्या सुट्ट्या घालवून स्कॅन केली होती, आणि कागदांना वाळवी लागली म्हणून ते आधीच टाकून दिले होते. डिस्क काढून न घेता मशीन दिलं ही माझी चूक, ती अजून टोचते. पण विचारल्यावर खोटं सांगणं, याला काय म्हणायचं? आणि घरी आणल्यावर रोज सकाळी तारीख परत 2009, आणि तारीख चुकीची म्हणून वेबसाइट उघडली की ‘सुरक्षित नाही’. फोन केला की उत्तर एकच, तुमच्या नेटचा प्रॉब्लेम. शेवटी शेजारच्या पोरानं चाळीस रुपयांचा सेल बदलला आणि तारीख जागेवर आली.

तर आधी प्लग काढून सेल बदला. मग चालू करताना डिलीट किंवा एफ2 दाबत राहा, बायोसमध्ये जा, काही बदलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. साटा मोड एएचसीआय करा, एफ10 नं सेव्ह करा. नाही झालं तर जुन्या मोडवर परत आणा, काही कंपन्यांच्या पीसीत विंडोज रेड मोडवरच (साटाचा तिसरा मोड, अनेक डिस्क एकत्र चालवायचा) टाकलेलं येतं. दोन डिस्क जोडून रेड केलेलं असेल तर मात्र हात लावू नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते उघडायचा लांबलचक नंबर, आधी शोधून ठेवा. मी काही इंजिनिअर नाही, माझ्या पीसीवरून सांगतोय.

दुकानात न्यायचाच झाला तर डिस्क काढून घरी ठेवा, नाहीतर यूएसबी-साटा केबल लावून दुसऱ्या पीसीवर सगळं कॉपी करून घ्या. फॉरमॅट हा शब्द जो पहिल्या पाच मिनिटांत काढतो त्याच्याकडे मी तरी परत जाणार नाही.

आणि घराशेजारी यंत्रमाग असेल तर कॅबिनेट उघडलंच आहे म्हणून पंख्यातला सुताचा कचरा ब्रशनं काढून टाका, आमच्याकडे वर्षात तिथं गादी जमते.

निळ्या स्क्रीनचा आणि बायोसमधल्या तारखेचा फोटो टाका, रात्री बघून सांगतो.