टंगस्टनची कड आधी बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, सगळ्या धातूंत उशिरा, म्हणून फ्यूजन अणुभट्टीच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा काढणाऱ्या भट्टीच्या, भिंतीला तेच योग्य, अशी तुझी सुरुवात आहे. ते वाक्य काढ. खोटं नाही, पण पुढची सगळी पानं त्याच्यामागे भलत्या वाटेला लागली आहेत.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या पीएलटी टोकामॅकमध्ये, म्हणजे प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटलेला अतितप्त वायू) चुंबकांनी कोंडणाऱ्या यंत्रात, टंगस्टनचा लिमिटर, म्हणजे प्लाझ्माची कड अडवणारा तुकडा, होता. तिथे खरा त्रास दिला तो प्लाझ्मात शिरलेल्या टंगस्टनच्या अणूंनी. एका अणूत ७४ इलेक्ट्रॉन. एवढ्या तापातही ते सगळे सुटत नाहीत, आणि उरलेले इलेक्ट्रॉन प्लाझ्माची ऊर्जा किरणांवाटे बाहेर टाकत राहतात. गाभाच निवू लागला. मग बराच काळ ग्रॅफाइटचं, म्हणजे कार्बनचं, राज्य होतं. पण झिजलेला कार्बन पुन्हा थरांत बसतो आणि ट्रिटियम, म्हणजे भट्टीचं किरणोत्सारी इंधन, धरून ठेवतो. इंग्लंडच्या जेट टोकामॅकमध्ये १९९७ च्या प्रयोगांनी ते दाखवून दिलं. जर्मनीतल्या गार्शिंगच्या आस्डेक्स अपग्रेड टोकामॅकने वर्षानुवर्षं थोड्या थोड्या फरशा टंगस्टनने मढवत नेल्या आणि २००७ मध्ये आतली सगळी भिंत पुरी केली. त्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे. आता फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या आंतरराष्ट्रीय इटर टोकामॅकनेही पहिल्या भिंतीसाठी बेरिलियम सोडून टंगस्टन घ्यायचं ठरवलं आहे.

तू मात्र ठोकळ्याकडे बघ. इटरच्या डायव्हर्टरमधला, म्हणजे तळाशी प्लाझ्माची उष्णता झेलणाऱ्या भागातला, टंगस्टनचा एक ठोकळा जेमतेम २८ मिलिमीटर रुंद. मधून आरपार भोक, त्यात पाण्याची तांबे-मिश्रधातूची नळी, दोघांमध्ये मऊ तांब्याचा पातळ थर. तापल्यावर तांबं टंगस्टनच्या तिपटीहून जास्त फुगतं. चौरस मीटरला १० मेगावॉट उष्णता नेहमीची, थोड्या वेळापुरती २०. प्रत्येक पल्सला, म्हणजे भट्टीच्या एकेका फेरीला, तो सांधा ताणला जातो, सैल होतो, पुन्हा ताणला जातो.

शिवाय टंगस्टन थंड असताना ठिसूळ असतं. माझा पहिला तुकडा मी व्हाइसमध्ये जरा जास्त आवळला. बारीकसा टक् आवाज आला आणि पापुद्रा सुटावा तशी एक चकती अलग झाली. रोल केलेल्या टंगस्टनला लाकडासारखी शीर असते, ती मी उलटी धरली होती. म्हणून ठोकळ्यात ग्रेन, म्हणजे धातूचे बारीक स्फटिक कण, उष्णतेच्या वाटेने, पृष्ठभागापासून नळीकडे जाणारे ठेवतात. भेग पडली तरी उभी पडते. आडवी पडली तर उष्णता नळीपर्यंत पोचतच नाही, आणि वरचा भाग तापत सुटतो. साधारण १,२०० अंशांच्या पुढे ग्रेन नव्याने घडू लागले की ही शीर पुसली जाते. तुझा प्रबंध इथे आहे, असं मला मनापासून वाटतं.

कडेचंही तसंच. २०१३ मध्ये जेटमध्ये टंगस्टनच्या एका पट्टीची कड मुद्दाम वर काढून वितळू दिली होती. ते काम नीट वाच. सपाट पृष्ठभागावर प्लाझ्माचा मारा तिरपा घसटत येतो, वर आलेल्या कडेवर मात्र जवळजवळ सरळ; कड शेजारच्या ठोकळ्याआड राहावी म्हणूनच इटरच्या ठोकळ्यांना अर्ध्या मिलिमीटरचा उतार दिला आहे.

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत उष्णतेच्या माऱ्याची चाचणी करता येते. तिथे विचारू, पण नंतर. सोमवारी येताना नमुना पॉलिश करू नकोस. वायरकटवरून (तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावरून) उतरला तसाच आण, आणि रोलिंगची दिशा मार्करने त्याच्यावर लिहून ठेव.