ऑइल बदललं आणि घाटात इंजिन जाम झालं: दाद कुठे मागायची?

प्रश्न : पुण्याहून बाइकने गोव्याला निघालो होतो. वाटेत कोल्हापूरच्या एका गॅरेजात ऑइल बदललं, चेन-स्प्रॉकेट नवं टाकलं. ३,२०० रुपये यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. आंबोली घाटात इंजिन जाम. टेम्पोत घालून गाडी सावंतवाडीला नेली, तर इंजिनाच्या तळाचा, जुनं ऑइल काढायचा ड्रेन बोल्टच गायब! खर्च १४,५०० रुपये. गॅरेजवाला म्हणतो, "माझ्याकडून गाडी चालू गेली." पोलिसांत जाऊ का? केससाठी कोल्हापूरला खेटे घालावे लागतील का?

उत्तर : आधी सावंतवाडीच्या मेकॅनिकला फोन करा आणि काढलेला एकही पार्ट भंगारात टाकू नका म्हणून सांगा. तुमची सगळी भिस्त त्या ओरखडलेल्या पिस्टनवर आणि बोल्टच्या भोकावर आहे. भोकातले आटे शाबूत असतील, तर बोल्ट नीट आवळलाच नव्हता असं ठामपणे म्हणता येतं. आटे गेलेले असतील, तर 'ते आधीपासूनच गेले होते' असा बचाव होईल. पण मग ते दिसूनही गिऱ्हाइकाला न सांगणं हा हलगर्जीपणाच. याचे जवळून फोटो घ्या, मागच्या टायरवर उडालेल्या ऑइलचेही. मेकॅनिकला काय दिसलं ते तारीख, गाडी नंबर, किलोमीटर घालून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. पुढे त्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. इंजिन पुन्हा जोडलं गेलं की यातलं बरंचसं हातचं जातं, म्हणून ही घाई.

पोलिसांत जाऊन उपयोग नाही. फसवणुकीच्या गुन्ह्याला मुळात फसवायचा हेतू लागतो, ढिसाळ कामाला तो लागू होत नाही. ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली 'सेवेतील त्रुटी' आहे. बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, त्यामुळे बिल नाही म्हणून कचरू नका. यूपीआयची नोंद आणि गॅरेजवाल्याचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा.

खेटे घालावे लागणार नाहीत. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला पुणे जिल्हा ग्राहक आयोगात. प्रवासात नाडल्या गेलेल्या माणसाला १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यात ही सोय नव्हती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येतं. मुदत दोन वर्षं.

आधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. इंजिनाचा खर्च, टेम्पोभाडं, ऑइलचे पैसे मागा. चेन-स्प्रॉकेटचे मागू नका. ते काम बिघडलेलं नाही, आणि एक फुगवलेली रक्कम बाकीच्या खऱ्या रकमांवर संशय आणते.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. ऑइलचा लाल दिवा लागला होता का? लागूनही गाडी दामटली असेल तर भरपाई कमी होऊ शकते, पण ते लपवलंत तर अख्खी तक्रार डळमळेल. नोटीस पाठवण्याआधी मला हे कळवा, मजकूर त्यावर ठरेल.